कॅपिंग आलं की नॉब फिरवू नका : टॅबलेटची बॅच, डिस्पेन्सिंगपासून ब्लिस्टरपर्यंत

छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, नाहीतर पैठण रोडला चितेगावकडे. कंपनी कुठलीही असो, नव्यानं लागलेल्या पोरांचं एक ठरलेलं असतं. नांदेड, लातूर, बीड, परभणीहून बी.फार्म. किंवा डी.फार्म. करून आलेली ही मुलं कॅपिंगची (गोळीचा वरचा थर टोपीसारखा सुटण्याची) कारणं तोंडपाठ सांगतात. पण गोळीची टोपी खरोखर निघायला लागली की पहिला हात जातो प्रेशरच्या नॉबकडे. प्रेशर वाढवलं की कॅपिंग आणखी वाढतं. मग स्पीड कमी करून बघतात. मग "मामा, मॅग्नेशियम स्टिअरेट जरा जास्त टाकायचं का?" अशी ऑपरेटरकडे विचारणा होते. तोवर ड्रमभर माल रिजेक्शनला गेलेला असतो.

कॉम्प्रेशनला दिसणारा बहुतेक दोष आदल्या दिवशीच आरएमजीत (ओलं कालवणाऱ्या मिक्सरमध्ये) नाहीतर एफबीडीत (गरम हवेच्या वाळवणयंत्रात) घालून ठेवलेला असतो. टॅबलेट मशीन तो फक्त उघडा पाडतं. म्हणून इथे पूर्ण क्रम दिला आहे: प्रत्येक टप्प्याला काय तयारी लागते, काय आधी आणि काय नंतर करायचं, आणि पुढच्या टप्प्यावर जाण्याआधी काय बघायचं.

उदाहरणाची बॅच

पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, वेट ग्रॅन्युलेशन (पावडर ओली करून तिचे दाणे, म्हणजे ग्रॅन्युल, बनवणं), एक लाख गोळ्या, गोळीचं वजन ६०० मिग्रॅ. पॅरासिटामॉल मुद्दाम निवडलं. त्याचे स्फटिक दाबाखाली नीट सांधत नाहीत आणि दाब सुटला की पुन्हा उसळतात, त्यामुळे नुसतं औषध दाबलं तर गोळी हमखास टोपी सोडते. हे जमलं तर बाकीची बरीच औषधं सोपी वाटतात.

- पॅरासिटामॉल : ५०.० किलो
- मक्याचं स्टार्च : ४.५ किलो
- मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज : २.० किलो
- पीव्हीपी के-३० (बाइंडर, म्हणजे सांधणारा घटक) : १.२ किलो
- सोडियम स्टार्च ग्लायकोलेट : १.५ किलो
- टाल्क : ०.३ किलो
- मॅग्नेशियम स्टिअरेट : ०.५ किलो

एकूण ६० किलो. पहिले चार घटक ग्रॅन्युलच्या आत जातात, शेवटचे तीन ग्रॅन्युल वाळल्यावर बाहेरून मिसळायचे. हे सूत्र शिकण्यापुरतं आहे. विक्रीसाठी बनवायचं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचा परवाना, मंजूर मास्टर फॉर्म्युला आणि स्टॅबिलिटीचा डेटा लागतो. तुमच्या कंपनीचं बीएमआर (बॅचचं उत्पादन रेकॉर्ड) काय म्हणतं तेच शेवटी खरं.

१. आदल्या दिवशीची तयारी

बीएमआर हातात आलं की आधी कॉम्प्रेशनचं पान वाचा. वजन, हार्डनेस, जाडी, फ्राएबिलिटी (घासून होणारी झीज), डिसइंटिग्रेशन (पाण्यात फुटणं) यांच्या मर्यादा डोक्यात असल्या की आरएमजीजवळ उभं राहून नेमकं काय साधायचं ते कळतं. नवीन माणूस पान उलटत उलटत बॅच काढतो आणि पुढच्या पानावरची अट त्याला उशिरा सापडते.

पाण्याकडे आपल्या भागात जास्त लक्ष द्यावं लागतं. वाळूजसारख्या वसाहतींना जायकवाडीचं पाणी येतं. पण उन्हाळ्यात टंचाई झाली की कुठे बोअर, कुठे टँकर जोडला जातो, आणि बोअरचं पाणी जड असतं. कच्चं पाणी बदललं की आरओवरचा भार बदलतो. बाइंडरला लागतं ते प्युरिफाइड वॉटर. त्याची कंडक्टिव्हिटी २५ अंशांना १.३ मायक्रोसीमेन्सच्या आत हवी. आजचं रीडिंग बघा. कालच्या रीडिंगवर सही करून पुढे जाणं ही सगळीकडे दिसणारी वाईट सवय आहे.

खोलीत तीन गोष्टी बघायच्या: तापमान, आरएच (सापेक्ष आर्द्रता) आणि दाबातला फरक. पावडरच्या खोलीतला दाब कॉरिडॉरपेक्षा कमी हवा, म्हणजे धूळ बाहेर पसरत नाही. मॅग्नाहेलिकचा (दाबातला फरक दाखवणाऱ्या मापकाचा) काटा शून्यावर असेल तर दार उघडं आहे की एएचयूच (हवा पुरवणारं यंत्र) बंद आहे, ते शोधा आणि मगच कंटेनर उघडा.

लाइन क्लिअरन्स (मागच्या बॅचचं काही उरलं नाही याची तपासणी) घेताना मजला आणि टेबल सगळेच बघतात. मागच्या बॅचचा माल दडतो तो आरएमजीच्या डिस्चार्ज पोर्टच्या कडेला, सिफ्टरच्या क्लॅम्पखाली, एफबीडीच्या गॅस्केटमध्ये, आणि स्कूपच्या दांड्यावर चिकटून राहिलेल्या जुन्या लेबलावर. टॉर्च घेऊन बघा.

*तपासा:* उपकरणावर 'क्लीन्ड' असं स्टेटस लेबल आहे का, तारीख कधीची आहे, आणि त्या क्लीनिंगची मुदत संपली तर नाही ना.

२. डिस्पेन्सिंग : आधी गणित, मग वजन

सर्वात महागडी चूक इथे होते आणि ती दिसत नाही.

पॅरासिटामॉलच्या लॉटचा अॅसे (शुद्धतेचं प्रमाण) कोरड्या आधारावर ९९.२ टक्के आणि लॉस ऑन ड्राइंग (एलओडी, वाळवल्यावर होणारी घट) ०.४ टक्के आला आहे असं धरू. मग ५० किलो वजन करून चालत नाही:

५० × (१०० ÷ ९९.२) × (१०० ÷ ९९.६) = ५०.६०६ किलो

वाढलेले ०.६०६ किलो कुठून तरी कमी करायला हवेत, नाहीतर गोळीचं वजन बिघडेल. बीएमआर सांगेल त्या डायल्युअंटमधून (वजन भरून काढणाऱ्या घटकातून), इथे स्टार्चमधून, ते वजा होतात. म्हणजे स्टार्च ३.८९४ किलो. दोन चुका नेहमीच्या आहेत. एक, अॅसे 'अॅज इज' (ओलाव्यासकट) आधारावर दिलेला असताना पुन्हा एलओडीचा भाग लावायचा. म्हणजे पाणी दोनदा मोजलं गेलं. दुसरी, एकाच बॅचला औषधाचे दोन लॉट लागले असताना दोन्हींना एकाच अॅसेनं गणित करायचं. प्रत्येक लॉटचं वेगळं गणित मांडा. गणित एकानं करावं, दुसऱ्यानं स्वतः पुन्हा करावं. पहिल्याचं उत्तर बघून मान हलवणं म्हणजे तपासणी नव्हे.

वजनकाटा सकाळी प्रमाण वजनांनी तपासा, लेव्हलचा बुडबुडा मध्ये आहे का बघा. आणि अर्धा किलो मॅग्नेशियम स्टिअरेट शंभर किलोच्या काट्यावर कधीच मोजू नका.

सहसा आधी एक्सिपिअंट (औषधाशिवायचे घटक), मग औषध, आणि रंग असेल तर सगळ्यात शेवटी. आरएलएएफ (धूळ खेचून घेणारी स्वच्छ हवेची व्यवस्था) चालू करून एसओपीत (लिखित कार्यपद्धतीत) दिलेला वेळ थांबा, मग पिशवी उघडा. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की पॉलीबॅग काढताना पावडर पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. पिशवी झटकून रिकामी करा आणि रिकाम्या पिशवीकडे एकदा उजेडात बघा.

*सावधान:* तुम्ही पुढेमागे सिरपच्या लाइनवर गेलात तर प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल यांचा प्रत्येक कंटेनर डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉलसाठी तपासून रिलीज झालाय का ते बघितल्याशिवाय हात लावू नका. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं दगावली, ती प्रकरणं याच विषाशी जोडलेली आहेत.

३. सिफ्टिंग

औषध, स्टार्च आणि सेल्युलोज ४० मेशमधून, म्हणजे ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून. चाळणी वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर, दोन्ही वेळा उजेडात धरून बघा. आधी सलग होती आणि नंतर एक तार तुटलेली दिसली, तर ती तार मालात आहे असंच धरून बॅच थांबवायची आणि क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) बोलवायचं. चाळणीवर राहिलेले गठ्ठे हातानं रगडून खाली ढकलू नका.

४. बाइंडर आणि ग्रॅन्युलेशन

इथे घाई नको, कारण गोळीचं बरंचसं भवितव्य या अर्ध्या तासात ठरतं.

*बाइंडर.* १० किलो पाणी भांड्यात घ्या, स्टरर लावा, पाण्यात भोवरा पडू द्या आणि पीव्हीपी त्या भोवऱ्याच्या कडेला हळूहळू सोडा. एकदम ओतलं तर बाहेरून ओले आणि आतून कोरडे गोळे होतात. ते विरघळायला फार वेळ घेतात आणि कुणी तसेच आरएमजीत ओतले तर बाइंडर कमी पडतो, कागदावर मात्र पूर्ण दिसतो. द्रावण पारदर्शक झालं की फेस बसेपर्यंत थांबा. तुमच्या सूत्रात पीव्हीपीऐवजी स्टार्चची पेस्ट असेल तर आधी थंड पाण्यात स्टार्च कालवा, मगच ते उकळत्या पाण्यात ओतून ढवळा. कोरडं स्टार्च थेट उकळत्या पाण्यात गेलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा.

*ड्राय मिक्सिंग.* इम्पेलर (आरएमजीचं मोठं पातं) स्लो, १० मिनिटं, चॉपर (गुठळ्या फोडणारं छोटं पातं) बंद.

*बाइंडर घालणं.* इम्पेलर स्लोवर ठेवून दोन-तीन मिनिटांत एकसारख्या धारेनं घाला. एका जागी ओतलं तर तिथे चिखल होतो आणि कडेला कोरडी पावडर राहते. भांडं विसळायला थोडं पाणी वापरायचं असेल तर तेही मोजून आणि लिहून.

*नीडिंग (ओला माल मळणं).* आता चॉपर लावा, इम्पेलर फास्ट करा, आणि घड्याळाबरोबर मोटरच्या अॅम्पिअरवर नजर ठेवा. वस्तुमान घट्ट होत जातं तसा आकडा चढतो. मागच्या चांगल्या बॅचेसमध्ये तो जिथे थांबवला होता ती पट्टी बीएमआरमध्ये असते.

अॅम्पिअर एक गोष्ट सांगतो, हात दुसरी. मशीन पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडा, मधून आणि कडेनं असं दोन जागचं ग्लोव्हजच्या हातात घ्या आणि मूठ आवळा. शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू वळावा तसा गोळा बसला पाहिजे आणि अंगठ्यानं दाबला की स्वच्छ तुटला पाहिजे. मूठ उघडताच विस्कटला तर पाणी कमी. ग्लोव्हजला चिकटला, बोटांचे ठसे चकचकीत उमटले, तर पाणी जास्त झालं.

पाणी कमी असेल तर बीएमआरच्या मर्यादेत थोडं घालता येतं. किती घातलं ते त्याच क्षणी लिहा. जास्त झालं तर काढता येत नाही, आणि वरून कोरडी पावडर टाकून सावरण्याचा तर विचारही करू नका. म्हणून पाण्याचा शेवटचा भाग हाताशी ठेवून, बघत बघत घालायचा.

इथली चूक पुढे दोन रूपांत भेटते. पाणी कमी पडलं की ग्रॅन्युल ठिसूळ होतात, फाइन्स (बारीक भुकटी) वाढतात, त्यांच्यात हवा अडकते आणि कॅपिंग येतं. पाणी किंवा नीडिंग जास्त झालं की ग्रॅन्युल दगडासारखे होतात. गोळीचा हार्डनेस बरा दिसतो, पण ती पाण्यात सुटायला वेळ घेते आणि डिसोल्यूशनला (औषध विरघळण्याच्या चाचणीत) मार खाते.

*तपासा:* झाकणाच्या आतून, इम्पेलरच्या मुळाशी आणि चॉपरच्या पात्यांखाली कोरडी पावडर चिकटलेली आहे का. असेल तर मशीन थांबवून खरवडून घ्या आणि अगदी थोडा वेळ पुन्हा फिरवा.

५. वाळवणं : घड्याळावर जाऊ नका

मराठवाड्यात काम करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. एफबीडी बाहेरची हवा फिल्टर करून, तापवून आत ओढतं. अनेक ठिकाणी त्या हवेतला ओलावा काढायची सोय नसते. मे महिन्यात ती हवा मुळातच सुकी असते. ऑगस्टमध्ये झड लागली की तीच ओलीचिंब. त्यामुळे इनलेट तापमान तेच, ग्रॅन्युल तेच, आणि वाळायला लागणारा वेळ मात्र वेगळा. 'मागच्या बॅचला ४० मिनिटं लागली' म्हणून मे महिन्यात ४० मिनिटं चालवलं की माल जास्त वाळतो, आणि जास्त वाळलेला पॅरासिटामॉलचा ग्रॅन्युल म्हणजे कॅपिंगला आमंत्रण.

क्रम असा ठेवा:

फिंगर बॅगला (एफबीडीच्या गाळण पिशवीला) भोक नाही, शिवण सुटलेली नाही, गॅस्केट नीट बसलंय आणि अर्थिंगची क्लिप लागलेली आहे, हे बघा. कोरड्या दिवसांत स्थिर वीज जास्त साचते. बाइंडरमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर अर्थिंगशिवाय एफबीडी चालू करणं जिवावर बेतू शकतं.

आधी गरम न करता हवेवर पाच-दहा मिनिटं चालवा. थेट गरम हवा मारली की ग्रॅन्युलचं वरचं साल कडक होतं आणि आतलं पाणी आतच अडकतं.

मग इनलेट ५५ ते ६० अंश. साधारण निम्म्या वाटेवर थांबवा, वाडगं बाहेर काढा, माल खालून वर हलवा, मोठे गोळे दिसले तर मोठ्या चाळणीतून मिलिंग करून परत घाला. हा थांबा कंटाळ्यानं टाळला जातो. मोठा गोळा बाहेरून वाळतो आणि आतून ओला राहतो. एलओडीचा नमुना वरच्या बारीक मालातून घेतला की आकडा छान येतो, आणि नंतर मल्टिमिलमध्ये (दाणे बारीक करणाऱ्या यंत्रात) तो गोळा फुटला की ओलावा बाहेर पडून माल पंचला (गोळी दाबणाऱ्या दांड्याला) चिकटायला लागतो.

नमुना तीन जागचा घ्या: वरचा, मधला, तळाचा. १०५ अंशांवर हॅलोजन बॅलन्समध्ये तपासा. दर वेळी नमुन्याचं वजन आणि सेटिंग तेच ठेवा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. या सूत्राला १.५ ते २.५ टक्के ही कामाची पट्टी आहे. स्टार्च मुळात दहा-बारा टक्के ओलावा धरून असतं, म्हणून ग्रॅन्युल शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. थोडा ओलावा सांधण्याचंच काम करतो.

*सावधान:* वाळलेला माल दुहेरी पॉलीबॅगमध्ये, तोंड बांधून, ड्रममध्ये, वजन आणि लेबलसह ठेवा. जूनचा पहिला पाऊस पडतो त्या आठवड्यात उघडी राहिलेली पिशवी रात्रीत किती ओलावा ओढते ते सकाळी एलओडी पुन्हा लावून बघा.

६. मिलिंग आणि ब्लेंडिंग

वाळलेले ग्रॅन्युल २० मेशमधून चाळा. वर राहिलेले तेवढेच मल्टिमिलमधून काढा. सगळा माल सरसकट मिलमध्ये घातला की चांगल्या ग्रॅन्युलचाही भुगा होतो. मिलच्या जाळीचीही आधी आणि नंतर तपासणी.

आता वजन करा. कोरड्या ग्रॅन्युलचं अपेक्षित वजन ५७.७ किलो (५० + ४.५ + २.० + १.२, औषध आणि स्टार्च बदललं तरी बेरीज तीच). हातात ५६.५ किलो आले असं धरू. बीएमआरमध्ये प्रमाणात घट करायला सांगितली असेल तर ५६.५ ÷ ५७.७ = ०.९७९ हा गुणक. मग सोडियम स्टार्च ग्लायकोलेट १.४६९ किलो, टाल्क ०.२९४, मॅग्नेशियम स्टिअरेट ०.४९०. आणि १.२ किलो गेले कुठे, हे विचारायचं राहू देऊ नका: एफबीडीच्या बॅगेत, भिंतीवर, की काट्याच्या चुकीत?

ब्लेंडर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, आत माल फिरायला जागा लागते. ग्लायकोलेट आणि टाल्क घालून १० ते १५ मिनिटं. मॅग्नेशियम स्टिअरेट ६० मेशमधून चाळून, सगळ्यात शेवटी, ३ ते ५ मिनिटं. बस. 'अजून जरा फिरवू, चांगलं मिक्स होईल' हा मोह इथे महागात पडतो. स्टिअरेट ग्रॅन्युलवर चरबीची पातळ साय धरतो. जितकं जास्त फिरवाल तितकी ती पसरते, मग गोळी सांधत नाही आणि पाण्यालाही आत शिरू देत नाही. ब्लेंडिंग झाल्यावर ब्लेंडर 'जरा हलवून' ड्रम भरणं म्हणजे जादा ब्लेंडिंगच.

*तपासा:* बल्क डेन्सिटी ०.५२ आणि टॅप्ड (आपटून बसवल्यावरची) ०.६२ आली तर कार्स इंडेक्स, म्हणजे पावडर किती सहज वाहते याचं माप, (०.६२ − ०.५२) ÷ ०.६२ × १०० = १६ टक्के. २० पर्यंत मशीनवर निभावतं. २५ च्या पुढे गेलं तर हॉपरमध्ये माल अडकणार आणि वजन खाली-वर होणार, हे आधीच धरून चला.

७. कॉम्प्रेशन

पंच आणि डाय (गोळीचा साचा) बसवण्याआधी भिंगाखाली बघा: टोकाला खाच, डायच्या आत गोल चरा, पंचच्या कडेला मुरड. डायमध्ये चरा असेल तर गोळी बाहेर ढकलली जाताना तिथे अडकते आणि टोपी सुटते. अशा वेळी ग्रॅन्युल निर्दोष असूनही कॅपिंग दिसतं. सगळं बसलं की टरेट (पंच-डायची फिरती चकती) आधी हातानं पूर्ण फेरी फिरवा, आवाज ऐका, मगच मोटर.

सेटिंगचा क्रम न चुकता असा: आधी वजन, मग जाडी आणि हार्डनेस, मग स्पीड, आणि शेवटी पुन्हा वजन. उलट केलं तर काय होतं? हार्डनेस आधी लावलात आणि मग वजन वाढवलंत, तर त्याच जागेत जास्त माल कोंबला जातो. हार्डनेस आपोआप उडी मारतो आणि पंचवर भार येतो. स्पीड वाढवलं की डाय भरायला मिळणारा वेळ कमी होतो, म्हणून वजन पुन्हा बघायचं. सेटिंगच्या काळातल्या गोळ्या वेगळ्या डब्यात टाकायच्या, त्या चांगल्या मालात परत जात नाहीत.

वजनाबद्दल एक बारीक गोष्ट, जी फार जण चुकवतात. २७ स्टेशनच्या (पंच-डायच्या २७ जोड्यांच्या) मशीनवर एक खालचा पंच घट्ट झाला तर २७ मधली एकच गोळी हलकी येते. दहा गोळ्यांचं ग्रुप वजन घेत राहिलात तर ती बहुतेक वेळा हातात येणारच नाही, आणि आली तरी सरासरीत बुडून जाईल. म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर पूर्ण एका फेरीच्या सगळ्या गोळ्या घेऊन एकेक मोजा. मशीन डबल रोटरी असेल तर डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी तपासा, एकाच ट्रेमध्ये मिसळू नका.

मर्यादा अशा: २५० मिग्रॅ किंवा त्याहून जड गोळीला भारतीय फार्माकोपियाप्रमाणे सरासरीच्या ±५ टक्के. २० गोळ्यांपैकी दोनपेक्षा जास्त बाहेर नकोत, आणि दुपटीबाहेर एकही नको. आपल्या ६०० मिग्रॅच्या गोळीला हे ५७० ते ६३० झालं. मशीनवरची आतली मर्यादा यापेक्षा कडक असते, तीच पाळा.

फ्राएबिलिटीला ६५० मिग्रॅपर्यंतच्या गोळीसाठी साधारण ६.५ ग्रॅम माल लागतो, म्हणजे इथे ११ गोळ्या. सवयीनं दहाच टाकल्या जातात. १०० फेऱ्या, मिनिटाला २५, आणि घट १ टक्क्याच्या आत. ड्रममधून काढल्यावर एकही गोळी तुटलेली, तडकलेली किंवा टोपी सुटलेली दिसली तर घट कितीही कमी असो, नापास. डिसइंटिग्रेशन साध्या गोळीला १५ मिनिटांत, ३७ अंशांच्या पाण्यात, सहा गोळ्यांवर.

*तपासा:* गोळी कडेवर उभी धरून दोन्ही अंगठ्यांनी मोडा. मधून सरळ तुटली तर ठीक. आडवी, थरांत सुटली तर आज टोपी दिसत नसली तरी उद्या ब्लिस्टर मशीनच्या ब्रशखाली ती सुटणार.

८. दोष दिसला तर मागे चालत जा

*कॅपिंग.* नॉबला हात लावायच्या आधी ब्लेंडचा एलओडी पुन्हा लावा. १.५ च्या खाली असेल तर कारण एफबीडीत आहे. तिथे ठीक असेल तर चाळणी लावून फाइन्सचं प्रमाण बघा. जास्त असतील तर आरएमजीत पाणी कमी पडलं किंवा मिलिंग जास्त झालं. तेही ठीक असेल तर टोपी ठराविक स्टेशनवरच निघते का बघा. तसं असेल तर पंच किंवा डायचं दुखणं. यातलं काहीच नसेल, तेव्हा मशीन: प्री-कॉम्प्रेशन (मुख्य दाबाआधीचा हलका दाब) वाढवा, स्पीड उतरवा, म्हणजे हवेला निसटायला वेळ मिळतो. मुख्य प्रेशर वाढवणं हा उपाय या यादीत कुठेच नाही.

*स्टिकिंग.* पंचवर माल चिकटतो, गोळीवर खड्डे दिसतात. एलओडी वर आहे का? खोलीचा आरएच चढलाय का? स्टिअरेट घालायचं राहिलं नाही ना? पंचची पॉलिश गेलीय का? आयबुप्रोफेनसारखं औषध ८० अंशांच्या आतच वितळतं, तिथे तासन्‌तास चाललेल्या मशीनची उष्णताच पुरेशी ठरते.

*वजन हलणं.* हॉपरमधल्या मालाची पातळी निम्म्याखाली गेली का, फीड फ्रेमखालची फट वाढली का, हे आधी. मग ग्रॅन्युलचा प्रवाह.

ब्लेंडमध्येच दोष निघाला तर 'थोडं मिसळून घेऊ' हा निर्णय प्रॉडक्शनचा नाही. डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) उघडा आणि क्यूएला ठरवू द्या.

९. ब्लिस्टर पॅकिंग

लोक याला सोपं काम समजतात आणि सगळ्यात लाजिरवाणे घोटाळे इथेच होतात: दुसऱ्याच औषधाची गोळी, चुकीची एक्सपायरी, रिकामा कप्पा.

लाइन क्लिअरन्स घेताना फीडरच्या गाइड ट्रॅकखाली, ब्रश बॉक्समध्ये, कन्व्हेअरच्या उलट बाजूला आणि रिजेक्शन डब्यात हात घालून बघा. आदल्या प्रॉडक्टची एक गोळी पुरे असते.

छपाईचा मजकूर मंजूर आर्टवर्कशी अक्षर न अक्षर ताडा. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्सपायरी आणि एमआरपी यांचा पहिला ठसा एकानं मोठ्यानं वाचावा, दुसऱ्यानं बीपीआरमध्ये (बॅचच्या पॅकिंग रेकॉर्डमध्ये) बघावा. उत्पादनाचा महिना पॅकिंगच्या दिवसावरून धरायचा नाही. ३१ जुलैला मिक्सिंग झालेली बॅच ऑगस्टमध्ये पॅक झाली म्हणून ऑगस्ट छापणं चूक. तो कसा ठरवायचा ते एसओपीत असतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरवून दिलेल्या ३०० ब्रँडना क्यूआर कोड सक्तीचा आहे; तुमचा ब्रँड त्यात असेल तर तो फोननं स्कॅन करून बघा, छापलेला दिसतो एवढ्यावर जाऊ नका.

फॉर्मिंगचं तापमान कमी असलं की कप्पा अर्धवट बनतो, जास्त असलं की तळ पातळ पडून भोक पडतं. सीलिंग कमी तर गळती, जास्त तर फॉइल आखडतं. उन्हाळ्यात चिलरचं पाणी गरम येत असेल तर कप्पे थंड होऊन आकार धरत नाहीत. अशा वेळी तापमानाच्या सेटिंगशी खेळण्याआधी चिलरचा आकडा बघा.

लीक टेस्टमध्ये निळं पाणी शिरलेले कप्पे मोजून थांबू नका, त्यांची जागा लिहा. दर स्ट्रिपला तोच कोपरा निळा होत असेल तर सीलिंग रोलरवर दाब कमी किंवा कचरा आहे. जागा बदलत असेल तर तापमान, फॉइल किंवा कडेवर बसलेली पावडर शोधा.

नॉन-फिल डिटेक्टरला (रिकामा कप्पा ओळखणाऱ्या उपकरणाला) शिफ्टच्या सुरुवातीला आव्हान द्या: एका कप्प्यातली गोळी स्वतः काढा, मशीन ती स्ट्रिप बाहेर फेकतं का बघा. दुसऱ्यांदा तुटकी गोळी ठेवून. वीज जाऊन जनरेटरवर आलं, फॉइलचा रोल बदलला, जेवणाची सुट्टी झाली, की पहिला ठसा, लीक टेस्ट आणि हे आव्हान, तिन्ही पुन्हा.

शेवटी हिशेब. छापील फॉइल किती आलं, किती लागलं, किती खराब झालं, किती उरलं. बॅच नंबर पडलेलं उरलेलं फॉइल स्टोअरला परत जात नाही. दोघांच्या समोर फाडून नष्ट करायचं आणि बीपीआरमध्ये लिहायचं. हिशेब जुळत नसेल तर मर्यादेत बसवायला आकडा गोल करू नका. आधी रिजेक्शनची पिशवी उघडून मोजा, बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.